लाखेचा लेप

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की आमच्या सिल्लोडात घरोघरचे माळे रिकामे होऊ लागतात. पितळेची भांडी चिंचेने उजळतात, गाद्या उन्हात पडतात, आणि मग राहिलेल्या पसाऱ्यावरून घरच्या कर्त्या बाईची एक नजर फिरते. त्या नजरेला जे बिनकामाचे दिसले ते संध्याकाळपर्यंत भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलेले असते. या नजरेइतका निर्भीड टीकाकार मी मराठी वाङ्मयात पाहिला नाही. तिला कोणाची भीड नाही, कोणाचा उपोद्घात वाचायचा नाही. 'हे ठेवायचे, हे टाकायचे' एवढाच तिचा निकाल.

मीही आयुष्यभर हाच धंदा केला, पण पुस्तकांवर. दिवाळी अंकातले टीकालेख म्हणजे वर्षभरातल्या कादंबऱ्यांचा आणि कवितासंग्रहांचा हिशेब, असा आपल्याकडे रिवाज पडून गेला आहे. यंदा मी तो मोडणार आहे. जी कृती छापलेली नाही, रंगभूमीवर आलेली नाही, जिला नाव नाही आणि जिचे कर्ते स्वतःला कलावंत म्हणवून घ्यायला लाजतात, तिची समीक्षा मला करायची आहे. माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एका मागच्या खोलीत ती गेली काही वर्षे चालू आहे. दोन निवृत्त इंजिनिअर तिथे जुने जपानी ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात.

त्यांतले एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांना सारा मोहल्ला नाना म्हणतो. दुसरे टेलिफोन खात्यात होते. ते सगळ्यांचे चाचा. नानांनी उभा जन्म पाण्याच्या दारांवर आणि पंपांवर काढला, चाचांनी तारांवर. दोघांची ओळख झाली ती एका बिघडलेल्या पंपाच्या स्टार्टरवरून, आणि मैत्री जमली ती अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीवरून. खोलीत शिरले की डाखाचा, म्हणजे कथील वितळल्याचा वास येतो. बाजाराच्या दिवशी त्यात मिरचीचा ठसका मिसळतो, कारण आमच्या तालुक्याची हिरवी मिरची प्रसिद्ध आहे आणि खोली रस्त्याला लागून आहे. आल्यागेल्याला चहा मिळतो. मात्र टेबलावरच्या यंत्राला हात लावायचा नाही.

आता ही यंत्रे आमच्या गावात आली कुठून? वाचकांपैकी जे पन्नाशी ओलांडलेले असतील त्यांना आठवत असेल. १९७० च्या नंतर कुवेत, दुबई, मस्कत या गावांची नावे मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत नात्यातल्या गावांसारखी बोलली जाऊ लागली. कोणाचा भाऊ, कोणाचा जावई तिकडे गेला. तो सुटीवर आला म्हणजे त्याच्या सामानात एक जड खोके असे. ते उघडताना शेजारीपाजारी जमत. आतून निघे चांदीसारख्या घासलेल्या पत्र्याचा चेहरा, त्यावर वजनदार बटणे, आणि वीज लावली की उजळणारा एक मंद दिवा. खोक्यावर नावे असत: सान्सुई, पायोनिअर, अकाई, यामाहा, केनवूड. आमच्याकडच्या मुलांना जपानचा भूगोल ठाऊक नव्हता, पण ही नावे पाठ होती.

या नावांच्या मागे मोठा इतिहास आहे. सान्सुई या शब्दाचा अर्थ डोंगर आणि पाणी; निसर्गचित्राला जपानीत तोच शब्द लावतात. ही कंपनी १९४७ साली उभी राहिली ती ट्रान्सफॉर्मर करण्यासाठी. युद्धाने टोकियो जळून गेले होते, आणि लोक मोडक्या सामानातून रेडिओ जोडत होते. त्यांना चांगला ट्रान्सफॉर्मर हवा होता. यामाहाची गोष्ट तर मला फारच आवडते. १८८७ साली हामामात्सू गावच्या शाळेतली परदेशी पायपेटी बिघडली. तोराकुसू यामाहा नावाच्या कारागिराने ती उघडली, दुरुस्त केली, आणि आत काय आहे हे कळल्यावर तशीच दुसरी करायला घेतली. म्हणजे त्या सबंध कारखान्याचा जन्म एका दुरुस्तीतून झाला. नानांना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा ते म्हणाले, "सर, मग आम्ही अजून पहिल्याच पायरीवर आहोत."

पुढे १९७० ते १९८० हे दशक या यंत्रांचे वैभवाचे दशक ठरले. अमेरिकेत जाहिरातदार वॅटचे आकडे वाटेल तसे फुगवीत, म्हणून १९७४ साली तिथल्या सरकारी आयोगाने ताकद कशी मोजावी याचा नियमच केला. नियमाने खोटेपणाला आळा बसला, पण चढाओढ वाढली. १९७६ मध्ये पायोनिअरने एका बाजूला १६० वॅट देणारे यंत्र आणले, आणि १९७८ मध्ये २७० वॅटचे. दिवाणखान्यात ऐकण्यासाठी साधारणपणे दोन-चार वॅट पुरतात. बाकीचे वॅट शेजाऱ्यासाठी असावेत. पण या चढाओढीत एक चांगली गोष्ट घडली. यंत्रे भक्कम झाली. आणि त्यांच्याबरोबर दुरुस्तीची पुस्तके निघाली, ज्यांत प्रत्येक तार आणि प्रत्येक भाग रेखाटलेला असे. आपले पोट उघडून दाखवायला न लाजणारी ही यंत्रे होती. आज घरात येणाऱ्या वस्तू शिंपल्यासारख्या मिटलेल्या असतात. उघडल्या की मेल्या. पन्नास वर्षांपूर्वीचे यंत्र आज दुरुस्त होऊ शकते याचे अर्धे श्रेय ज्यांनी तो नकाशा छापला त्यांचे आहे.

असो. दुरुस्तीत काय असते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढची टीका समजेल. अशा यंत्रात सगळ्यांत आधी म्हातारे होतात ते कपॅसिटर. त्यांच्या पोटात एक ओलसर द्रव असतो. तो वर्षानुवर्षे सुकत जातो. दर १० अंश उष्णता वाढली की त्यांचे आयुष्य निम्मे होते असा हिशेब इंजिनिअर लोक करतात; वैशाखात आमच्याकडे पारा ४० च्या वर जातो, तेव्हा त्या बिचाऱ्यांचे काय होत असेल ते पाहा. ते सुकले, की यंत्र घुमू लागते. शिवाय भाग हलू नयेत म्हणून त्या काळच्या अनेक यंत्रांत जो डिंक लावला तो पुढे तपकिरी होतो आणि तारांचे पाय खातो. आवाजाचे बटण खरखरते. रिलेचे स्पर्श काळवंडतात. शिवाय जपानातच वापरण्यासाठी केलेले यंत्र असेल तर ते १०० व्होल्टचे असते. ते कोणी उत्साहाच्या भरात आपल्या २३० च्या भोकात खुपसले, की धूर. म्हणून बरेच दिवस बंद असलेले यंत्र हे दोघे एकदम विजेला जोडत नाहीत. मध्ये एक साधा १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावतात. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर आत कुठे तरी शॉर्ट आहे. रोग्याच्या नाडीवर हात ठेवावा तसे दोघेही त्या बल्बकडे पाहत असतात. त्या वेळी खोलीत कोणी बोलत नाही.

इथपर्यंत दोघांचे एकमत असते. पुढे त्यांचे दोन पंथ होतात, आणि टीकाकाराचे काम तिथेच सुरू होते.

नाना म्हणतात, उघडले आहे ना, मग सगळे बदला. प्रत्येक कपॅसिटर नवा, बटणे नवी, शक्य तर ट्रान्झिस्टरही नवे. "धरणाचे दार दुरुस्त करताना निम्मे रबर जुने ठेवतो का आपण?" हा त्यांचा युक्तिवाद. त्यांच्या हातून निघालेले यंत्र आरशासारखे असते. आवाज स्वच्छ, पाठीमागे शांतता, आणि पुढची वीस वर्षे चिंता नाही. चाचांचे म्हणणे उलट. जो भाग अजून माप बरोबर देतो त्याला ते हात लावीत नाहीत. काढलेला प्रत्येक भाग कागदाच्या पुडीत बांधून, त्यावर कुठून काढला ते उर्दूत लिहून, यंत्राबरोबर मालकाला परत देतात. "बनानेवाले ने कुछ सोच के रखा होगा," हे त्यांचे ब्रीद. त्यांचे यंत्र कधी कधी वर्षाने पुन्हा टेबलावर येते, हेही खरे.

वरवर पाहता हा दोन म्हाताऱ्यांचा हट्ट वाटेल. पण हा वाद जगातला फार जुना वाद आहे. जपानातच इसे नावाचे मोठे देवस्थान आहे. तिथले लाकडी देऊळ दर २० वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्या लाकडाने, पण जुन्याच मापाने पुन्हा बांधतात. ही रीत सातव्या शतकापासून चालत आली आहे. मधे युद्धांमुळे खंड पडले, तरी २०१३ साली ६२ वी खेप झाली. तिथे लाकूड जुने राहत नाही; सुताराचा हात जुना राहतो. नाना हे इसेच्या पंथाचे. आपल्याकडेही जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ बहुधा असाच घेतात. वेरूळचे घृष्णेश्वराचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभे केले. ते मूळचे नाही म्हणून कोणी भाविक दारातून परत गेल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा पंथ पाहायचा तर आम्हां सिल्लोडकरांना दूर जावे लागत नाही. संभाजीनगराहून निघालेला रस्ता फुलंब्रीवरून आमच्या गावातून जातो आणि गोळेगाव, अजिंठा करीत घाट उतरून फर्दापूरला पोहोचतो. त्या रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांत जपानी प्रवासी पुष्कळ असत आणि असतात. १९९२ पासून जपान सरकारच्या कर्जातून अजिंठा-वेरूळ परिसराच्या विकासाचा प्रकल्पही झाला. त्यांना त्या लेण्यांचे वेड का आहे याला कारण आहे. नारा शहराजवळच्या होर्यू-जी मंदिरातील भिंतींवर चित्रे होती. अभ्यासक त्यांचे नाते अजिंठ्याशी जोडीत. ती जीर्ण झाली म्हणून चित्रकार त्यांच्या नकला करीत बसले होते, आणि ते काम चालू असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी आग लागून चित्रे होरपळून गेली. नकलांचे नशीब असेच वाईट असते. अजिंठ्याच्या मेजर गिलने केलेल्या नकला बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. ग्रिफिथ्सने जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांकडून केलेल्या नकलांपैकी कित्येक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. जपानी चित्रकार अराई काम्पो आणि त्याच्या सोबत्यांनी १९१७-१८ च्या सुमारास इथे येऊन केलेल्या नकला टोकियोत होत्या. त्या १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. नकला जळाल्या, आणि मातीच्या गिलाव्यावरचे मूळ मात्र दीड हजार वर्षे टिकून आहे. म्हणून चाचा म्हणतात की मूळ जपा.

पण अजिंठ्याची गोष्ट इथे संपत नाही, आणि माझ्या समीक्षेचा कणा पुढच्या भागात आहे. निजामाच्या सरकारने १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावून चित्रे सांभाळण्याचे काम दिले. त्यांनी सुटणारा गिलावा मनापासून पक्का केला. त्यामुळे पुष्कळ चित्रे वाचली हे मान्य केले पाहिजे. पण त्याचबरोबर त्यांनी चित्रांवर लाखेचा लेप दिला. लेप दिला त्या दिवशी रंग झळकले असतील, आणि पाहणाऱ्यांनी वाहवा केली असेल. काही वर्षांनी ती लाख पिवळी पडली, तपकिरी झाली, तिने धूळ आणि काजळी धरून ठेवली. पुढे आपल्या पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना कित्येक वर्षे ती लाख तसूतसूने काढीत बसावे लागले. चांगल्या हेतूने दिलेला लेप चित्राहून जास्त चिवट निघाला.

आणि योगायोग असा, की ज्या तबकड्या वाजवण्यासाठी हे दोघे यंत्रे जोडतात, त्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच. जगातली लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जाई. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले तेव्हापासून अर्धशतक गवयांचे आवाज आपण या लाखेवर ठेवले. एकाच लाखेने आवाज जपला आणि चित्र झाकले. दोष लाखेत नव्हता. कुठे काय लावायचे याच्या विवेकात तो होता. दुरुस्ती करणाऱ्याची समीक्षा करायची ती या विवेकाची.

ही कसोटी मला सुचली ती पुस्तकातून नव्हे. ती माझ्या घरातल्या एका यंत्रावरून सुचली. माझे थोरले भाऊ १९८१ साली कुवेतहून असेच एक खोके घेऊन आले होते. कंपनीचे नाव सांगत नाही. यंत्र चाळीस वर्षांचे झाले म्हणजे घुमणारच, त्यात कंपनीला बोल कशाला? भाऊ जाऊन आता बरीच वर्षे झाली. यंत्र माळ्यावर होते. त्याबरोबर एक कॅसेट होती. भावाने कुवेतला परत जाताना सोबत नेण्यासाठी आईच्या जात्यावरच्या ओव्या घरात बसून मुद्रित करून घेतल्या होत्या. तिचा आवाज असलेली तेवढी एकच वस्तू. ती लावली, की आधी घुं असा आवाज येई, आणि त्याच्या मागून आई गाई. आवाज जरा जाड, दमलेला. मला वाटे, आईचा आवाज असाच होता. माणूस विसरतो.

मी यंत्र आणि कॅसेट घेऊन त्या खोलीत गेलो. नानांनी ऐकले आणि म्हणाले, "सर, यंत्राची घूं काढतो, कॅसेटमधला खालचा भागही संगणकावर कापून देतो. दोन दिवसांत आई समोर बसून गातेय असे वाटेल." खोटे कशाला सांगू, मला ते हवे होते. चाचा मात्र काही बोलले नाहीत. त्यांनी कॅसेट थांबवली. घूं थांबली नाही. पुन्हा चालू केली, पुन्हा थांबवली. पाच-सहा वेळा तेच. मग म्हणाले, "नाना, ये दो हैं."

दोन कशा? त्यांनी मला समजावले ते असे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. यंत्रातले कपॅसिटर सुकले की जो गुणगुणाट येतो तो त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० चा. संगीताच्या भाषेत तोच स्वर, एक सप्तक वर. कॅसेट थांबल्यावरही चालू राही तो हा. पण कॅसेट चालू असताना त्याच्याखाली आणखी एक खर्ज लागत होता, आणि कॅसेटबरोबर तो थांबत होता. म्हणजे तो यंत्राचा नव्हता. तो त्या रात्री आमच्या घरातल्या विजेचा होता, आणि ओव्यांबरोबर फितीवर उतरला होता.

आधी यंत्र दुरुस्त झाले. ते नानांनी केले आणि फार सुरेख केले. वरची घूं गेली. आता खालचा खर्ज एकटा उरला. चाचांनी नातवाच्या मोबाइलवर त्याचे माप घेतले. ५० असायला हवे तिथे ४७ येत होते. चाचांचा डेक मापाला बरोबर चालत होता. तेव्हा मग एकच अर्थ निघत होता: मुद्रण करणारे यंत्रच त्या रात्री जास्त वेगाने धावले होते, आणि म्हणून आज बरोबर वेगाने लावले की सगळेच खाली उतरत होते. ५० चे ४७ म्हणजे जवळजवळ एक पट्टी. काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी पाचमध्ये ऐकू यावी, तसे. आम्ही चाळीस वर्षे आईला एक पट्टी खाली ऐकत आलो होतो.

चाचांनी डेकच्या वेगाचा स्क्रू किंचित फिरवला. आवाज वर चढला, हलका झाला. जात्याची घरघर जलद झाली. मी गप्प बसलो. मला ओळखता येईना. नाना म्हणाले, त्या काळी वीज तरी कुठे नेमकी ५० वर राहत होती? ४९ असेल, त्याहून कमीही असेल. ते बरोबर होते. मोबाइलचा आकडा वाट दाखवू शकत होता, मुक्काम सांगू शकत नव्हता. तेव्हा मी बहिणीला बोलावले. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आईबरोबर जात्याला बसलेली. चाचा स्क्रू अगदी तसूतसूने फिरवीत होते आणि ती डोळे मिटून ऐकत होती. एका ठिकाणी ती म्हणाली, "थांबवा. अशी होती." नंतर म्हणाली, "आई किती लहान होती रे तेव्हा!" हिशेब केला तर ओव्या गाताना आई आमच्या आजच्या वयापेक्षा खूपच लहान होती. तो जाड, दमलेला आवाज तिचा नव्हताच.

आता वाचकांनी विचार करावा. नानांनी सुचवल्याप्रमाणे तो खर्ज आधीच कापून टाकला असता तर? फीत स्वच्छ झाली असती, आणि आई कायमची एक पट्टी खाली राहिली असती. कारण वेग चुकला आहे हे सांगणारा साक्षीदारच आम्ही मळ समजून पुसून टाकला असता. काजळी आणि चित्र यांतला फरक भिंतीपाशी बसून पाहिल्याशिवाय कळत नाही, तसेच हे. नानांनी तो मान्य केला, तोही त्यांच्या रीतीने. चहा मागवला आणि म्हणाले, "चाचा, तुमची पुडी बांधायची खोड काही वाईट नाही." चाचांनीही कबूल केले, की सुकलेले कपॅसिटर 'मूळचे' म्हणून ठेवले असते तर खालचा खर्ज वेगळा ऐकूच आला नसता. एका पंथाने मळ काढला म्हणून दुसऱ्या पंथाला खूण दिसली. म्हणून दोघांपैकी श्रेष्ठ कोण, हा प्रश्न मी निकालात काढतो. जे सुकले आहे ते निःसंकोच बदलावे. जे कोणी तरी लिहून ठेवले आहे त्याला, ते कितीही कुरूप असो, समजेपर्यंत हात लावू नये. माझ्या मते दुरुस्तीचे सारे शास्त्र इतक्यात येते.

पण टीकाकाराने नुसती स्तुती करून उठू नये. या दोघांच्या, आणि जगभर असे छंद करणाऱ्या त्यांच्या भाईबंदांच्या, दोन खोडी मला स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी, की यंत्र चांगले झाले का हे पाहण्यासाठी ते त्याच चार तबकड्या लावतात आणि प्रत्येकीचे अर्धे मिनिट ऐकतात. खाँसाहेबांच्या आलापातले पहिले षड्ज लागले की नाना 'वा' म्हणतात आणि सुई उचलतात. त्यांचा 'वा' यंत्राला असतो. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांची ती ठुमरी तीन मिनिटांत बसवण्यासाठी त्यांनी काय काय सोडले असेल, हे त्या खोलीत कोणी विचारीत नाही. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. त्याच वर्षी सान्सुईने आपला नामांकित ८५ वॅटचा ॲम्प्लिफायर बाजारात आणला. त्या ॲम्प्लिफायरची माहिती चाचांना तोंडपाठ आहे. भैरवी त्यांनी शेवटपर्यंत ऐकली ती मी हट्ट धरला तेव्हा. साडेतीन मिनिटे! ती संपल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत होते.

दुसरी खोड नावाच्या भक्तीची. जुने ते सोने, जपानी ते त्याहून सोने, असे मानण्याकडे त्यांचा कल आहे. नावे माणसांपेक्षा जास्त जगतात आणि म्हणूनच फसवतात. मूळची सान्सुई कंपनी २०१४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. त्याआधीच तिचे नाव निराळ्या हातांत जाऊन पोहोचले होते. आमच्या जिल्ह्यात चितेगावला मोठा कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने सान्सुई या नावाने दूरदर्शन संच विकले, आणि आमच्या गावात कित्येकांनी ते घेतले. २०१८ मध्ये व्हिडिओकॉनवरही दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. डोंगर आणि पाणी या नावाचा असा प्रवास टोकियोपासून पैठणच्या रस्त्यापर्यंत झाला. तेव्हा पत्र्यावरचे नाव पाहून हात जोडण्यापेक्षा आतला डाख पाहावा. नाव पाहून पुस्तक वाचणाऱ्या टीकाकारांनाही मी हेच सांगत आलो आहे.

आणखी एक गोष्ट खोडीत मोडत नाही, पण मनात सलते. लॅमिंग्टन रोडवरून कपॅसिटर मागवून, महिनेच्या महिने खपून हे दोघे जी यंत्रे जिवंत करतात, ती वाजवणार काय? मोठ्या गवयांचे गाणे आता कुठेही मिळते. ते यांच्या यंत्रावाचून मरणार नाही. मरणार आहे ते आमच्या माळ्यांवर. कुवेत-दुबईला पाठवण्यासाठी भरलेल्या कॅसेटी, त्यांतले निरोप, भारुडे, लग्नातली गाणी, कव्वाल्यांच्या रात्री, कोणाच्या तरी आजीने सांगितलेली नागपंचमीची कहाणी. त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. फिती चिकटतात, बुरशी धरतात, आणि दिवाळीच्या झाडलोटीत हातगाडीवर जातात. अजिंठ्याच्या निदान नकला तरी झाल्या होत्या.

हे मी दोघांना तोंडावर सांगितले. नानांना राग आला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी खोलीवर गेलो तर ॲम्प्लिफायर भिंतीकडे सरकवलेले होते, आणि टेबलावर शेजारच्या आळीतून आलेली बिस्किटाच्या डब्यातली अकरा कॅसेटी मांडली होती. चाचा पुड्या बांधत होते. नाना एका कॅसेटच्या पोटातली गुंतलेली फीत शिसपेन्सिलीवर गुंडाळीत होते, आणि मान वर न करता म्हणाले, "सर, उभे का? बसा आणि नावे लिहून घ्या. तुमचे अक्षर चांगले आहे."

म्हणून या वर्षी माझ्याकडे परीक्षणासाठी आलेली सहा पुस्तके तशीच पडून आहेत; लेखकांनी क्षमा करावी. आणि घरच्या कर्त्या बाईंना एक विनंती आहे. यंदा माळा झाडताना कॅसेटीचा डबा हाती लागला, तर तुमचा तो निर्भीड निकाल चार दिवस राखून ठेवा. आधी एकदा लावून पाहा. घूं आली तर येऊ द्या.